दूध पिताना बाळ घामाघूम होते तेव्हा : ‘अल्कापा’ आणि त्यावरच्या शस्त्रक्रिया

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघरमधून झाली, हे आज पालघर-बोईसरमध्ये फार थोड्यांना आठवते. तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला 1 ऑगस्ट 2014 उजाडला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, ठरवून दिलेले 30 आजार आणि दोष शोधायचे आणि पुढचे उपचार मोफत मिळवून द्यायचे, असा हा कार्यक्रम. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा त्याचे पथक येते. यादीत जन्मजात हृदयदोष आहे, आणि त्यामुळेच ‘हृदयाला छिद्र’ हे शब्द आता आपल्या वस्त्यांमध्ये कुणाला नवे राहिलेले नाहीत.

अडचण अशी की हृदयदोष म्हणजे छिद्र, एवढेच समीकरण डोक्यात बसले आहे. ज्या दोषाबद्दल आम्ही लिहीत आहोत त्यात छिद्र नसते. बाळ निळे पडत नाही. जन्मल्याबरोबर केलेल्या तपासणीत काही सापडत नाही, बोटाला लावून प्राणवायू मोजणारे यंत्रही सगळे ठीक दाखवते. दीड-दोन महिन्यांनी बाळ कोमेजू लागते आणि तोवर तपासणी करणारे निघून गेलेले असतात. उपचार न झाल्यास यातली बहुतेक बाळे पहिला वाढदिवस पाहत नाहीत. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक वाचतात आणि त्यांचे हृदयही सावरते. बालहृदयरोगात इतका मोठा फरक फार कमी ठिकाणी आहे, म्हणून हा विषय.

दोषाचे इंग्रजी नाव लांबलचक आहे; डॉक्टर आद्याक्षरांवरून त्याला ‘अल्कापा’ म्हणतात. हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागते. ते देणाऱ्या दोन रक्तवाहिन्या, उजवी आणि डावी कोरोनरी, महाधमनीच्या मुळाशी निघतात. अल्कापामध्ये उजवी जागेवर असते. डावी मात्र फुफ्फुसांकडे अशुद्ध रक्त नेणाऱ्या फुफ्फुसधमनीतून निघते. म्हणजे जोडणीच चुकीच्या नळाला झालेली असते.

आईच्या पोटात याचा त्रास होत नाही, कारण तिथे दोन्ही धमन्यांमधला दाब जवळपास सारखा असतो. म्हणून बाळ चांगल्या वजनाचे, हसतेखेळते जन्मते. जन्मानंतर फुफ्फुसे उघडतात आणि पहिल्या काही आठवड्यांत फुफ्फुसधमनीतला दाब उतरत जातो. डाव्या कोरोनरीत रक्त ढकलायला जोर उरत नाही. पुढे त्याहून वाईट घडते. उजव्या कोरोनरीकडून बारीक जोडवाटांनी डाव्या बाजूला येणारे रक्त स्नायूत न शिरता उलटे वाहून फुफ्फुसधमनीत जाते. चाळीत तळमजल्याचा नळ उघडा राहिला की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसेच हे. हृदयाचा डावा कप्पा, जो सर्वांत जास्त मेहनत करतो, तोच उपाशी राहतो. तो फुगतो, थकतो, त्याची झडप गळू लागते. सरळ सांगायचे तर पन्नाशीच्या माणसाला येतो तसा हृदयविकाराचा झटका दोन-तीन महिन्यांच्या बाळाला येत असतो, आणि त्याला सांगता येत नाही.

सांगता येत नाही, पण दिसते. एवढ्याशा बाळासाठी दूध ओढणे हाच सगळ्यात मोठा व्यायाम. म्हणून झटका दूध पितानाच येतो. बाळ चार घोट घेते, मध्येच सोडते, कळवळून रडते, पांढरेफटक पडते, कपाळावर घामाचे थेंब येतात. थोड्या वेळाने शांत होते, पुन्हा भुकेने रडते, पुन्हा तेच. 1933 मध्ये बोस्टनच्या ब्लँड, व्हाइट आणि गारलंड या डॉक्टरांनी एका तान्ह्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच टिपून ठेवले, आणि हा आजार त्या तिघांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. तपासणीची साधने बदलली, पण आईच्या तोंडून येणारे वर्णन आजही तेच आहे.

हेच वर्णन आपल्याकडे कसे ऐकले जाते, ते पाहा. ‘पोटात कळ येते’ म्हणून ग्राइप वॉटर. ‘दूध पचत नाही’ म्हणून घुटी. ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठ-मोहरी, काही पाड्यांवर भगत. दम लागून पोट उडू लागले की ‘छातीत कफ भरला’ म्हणून वाफ आणि अँटिबायोटिक. वजन वाढत नाही हे अंगणवाडीच्या तक्त्यावर दिसले की ‘कुपोषण’. यातली शेवटची दोन निदाने चुकीची वाटतही नाहीत, कारण या पट्ट्यात न्यूमोनिया आणि कुपोषण दोन्ही खरोखरच भरपूर आहे. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची बालमृत्यूंची बातमी देशभर गेली, तेव्हापासून या भागातल्या प्रत्येक खंगलेल्या बाळाकडे कुपोषणाच्या चष्म्यातून पाहिले जाते. त्या चष्म्याने पुष्कळ मुले वाचवली, हे मान्य करूनच आम्ही म्हणतो की त्यामागे काही मुले झाकलीही जातात. आई व्यवस्थित पाजते आहे, तरी वजन वाढत नाही आणि पिताना घाम येतो, अशा बाळाला पोषक आहाराचे पाकीट देऊन प्रश्न सुटत नाही. उलट दोष आईच्या माथी येतो : ‘हिला पाजता येत नाही.’

आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली, ती सरकारी वेळापत्रकाची. दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशाताईच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी होतात. त्यानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. अल्कापाची लक्षणे साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात डोके वर काढतात, म्हणजे बरोबर या पोकळीच्या आसपास. पण याच काळात बाळ तीनदा लसीकरणाला येते : दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. सुई टोचण्याआधी नर्सताईंनी एकच प्रश्न विचारला, ‘दूध पिताना घाम येतो का, मध्येच थांबून धापा टाकतो का?’, तर एक पैसा खर्च न होता गाळणी लागते. उत्तर ‘हो’ असेल तर पुढची तपासणी हवीच. अल्कापा नसला तरी त्या प्रश्नातून छिद्र सापडेल, महाधमनी अरुंद असल्याचे सापडेल (त्यात जांघेतली नाडी लागत नाही), काहीतरी सापडेल.

इथे कुणी विचारेल की आजार किती जणांना होतो? साधारण 3 लाख जन्मांमागे एक असे पुस्तके सांगतात. महाराष्ट्रात वर्षाला 18 लाखांच्या आसपास जन्म होतात हे धरले तर हिशेब सहा-सात बाळांचा येतो. पण हा आकडा सापडलेल्यांवरून काढलेला असतो. न्यूमोनियाच्या नावाने दगावलेले बाळ त्यात मोजले जात नाही.

ही बाळे सापडायची जागाही ठरलेली आहे. छातीच्या एक्स-रेमध्ये हृदय मोठे दिसते, सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी म्हणजे टूडी इको होते, आणि कागदावर लिहून येते ‘डायलेटेड कार्डिओमायोपॅथी’, म्हणजे हृदयाचा स्नायू फुगून कमजोर झाला आहे. घरच्यांना सांगितले जाते, ‘हृदयच कमजोर आहे, औषधे देत राहा, बघू.’ या निदानाची पुष्कळ बाळे खरोखर स्नायूच्याच आजाराची असतात. पण त्यांच्यातच अल्कापाचे बाळ लपलेले असते, आणि दोघांत फरक असा की एकाला औषधाशिवाय फारसा इलाज नाही, दुसऱ्याला शस्त्रक्रियेने बरे करता येते. म्हणून तान्ह्या बाळाला ‘कमजोर हृदय’ असा शेरा मिळाला तर आईबापांनी डॉक्टरांना नम्रपणे पण ठामपणे एक प्रश्न विचारावा : ‘डावी कोरोनरी कुठून निघते, हे नक्की दिसले का?’ तसे रिपोर्टमध्ये लिहून मागावे.

साधा ईसीजीसुद्धा बरेच काही सांगतो. तान्ह्या बाळाचा ईसीजी काढता येतो हेच पुष्कळांना माहीत नसते. अल्कापामध्ये त्यात झटका येऊन गेलेल्या मोठ्या माणसासारख्या खोल क्यू लहरी दिसतात. इकोमध्ये रंगीत डॉप्लर लावला तर फुफ्फुसधमनीत नको तिथून शिरणारी रक्ताची धार दिसते, उजवी कोरोनरी नेहमीपेक्षा जाड दिसते. मात्र हा इको लहान मुलांच्या हृदयतज्ज्ञांनी केलेला बरा. हृदयामागची एक नैसर्गिक पोकळी कधीकधी रक्तवाहिनीसारखी दिसते आणि डावी कोरोनरी महाधमनीतूनच निघाल्याचा भास होतो. सरावाच्या नजरेलाच तो कळतो. तरीही शंका उरली तर सीटी अँजिओग्राफी करतात.

आता शस्त्रक्रियांकडे येऊ. यात औषधांचे काम बाळाला शस्त्रक्रियेपर्यंत सुखरूप पोहोचवण्याचे, एवढेच.

सुरुवातीला डॉक्टरांनाही रक्त कोणत्या दिशेने वाहते हे पक्के माहीत नव्हते. 1960 मध्ये अमेरिकेत सॅबिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की डाव्या कोरोनरीतून रक्त उलटे, फुफ्फुसधमनीत पळते आहे. मग पहिला उपाय साहजिकच सुचला : चुकीच्या जागी जोडलेली ती वाहिनी मुळाशी बांधून टाकायची. गळती थांबली की उजवीकडून येणारे रक्त स्नायूत राहील. शस्त्रक्रिया लहान आणि झटपट होती, काही बाळे तगलीही. पण सारे हृदय एकाच कोरोनरीच्या भरवशावर राहिले. बरीच बाळे लगेच गेली, काही पुढे अचानक गेली. आज हा मार्ग जवळपास सोडून दिला आहे. एखाद्या ठिकाणी ‘नुसती बांधून टाकू’ असे कुणी सुचवले तर दुसरे मत घ्यावे, असे आम्ही स्पष्टच म्हणतो.

साठच्या दशकातच पुढचे पाऊल पडले : वाहिनी बांधायची आणि पलीकडे बायपास करून नवे रक्त आणायचे. कधी पायाची शीर, कधी डाव्या हाताकडे जाणारी धमनी, कधी छातीच्या आतली धमनी वळवून जोडायची. मोठ्या वयात सापडलेल्या रुग्णांसाठी हा पर्याय आजही वापरात आहे. बाळांमध्ये मात्र अडचण होते. एवढ्या बारीक वाहिनीची जोडणी पुढे आक्रसण्याची भीती असते.

1979 मध्ये जपानचे ताकेउची यांनी वेगळी युक्ती काढली. डावी कोरोनरी आहे तिथेच ठेवायची. महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांच्यामध्ये एक खिडकी पाडायची, आणि फुफ्फुसधमनीच्या आतून, तिच्याच भिंतीच्या तुकड्याचा बोगदा करून महाधमनीचे रक्त कोरोनरीच्या तोंडापर्यंत न्यायचे. कोरोनरी फार दूरच्या बाजूने निघाली असेल तेव्हा ही युक्ती कामी येते. तिचे दुखणे नंतरचे : बोगदा गळू शकतो, किंवा बोगद्यामुळे फुफ्फुसधमनीच अरुंद होते आणि काही वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

आज सर्वांत जास्त पसंती आहे ती सरळ पुनर्रोपणाला. कोरोनरीचे तोंड, भोवतालच्या भिंतीच्या बटणाएवढ्या तुकड्यासकट, फुफ्फुसधमनीतून कापून काढायचे आणि महाधमनीत योग्य जागी शिवायचे. बोलायला सोपे, पण बाळाची कोरोनरी एक-दोन मिलिमीटरची असते, ती ताणली जाऊ नये, पिळली जाऊ नये. सत्तरच्या दशकात हे पहिल्यांदा झाले. पुढे धमन्यांची अदलाबदल झालेल्या बाळांवरच्या मोठ्या शस्त्रक्रियेत कोरोनरी हलवण्याचा सराव जगभर वाढला, आणि त्याचा फायदा अल्कापाच्या बाळांना मिळाला. यात दोन कोरोनरींची निसर्गाने ठरवलेली व्यवस्थाच परत मिळते. वाहिनी पोहोचत नसेल तर भिंतीचाच तुकडा गुंडाळून नळी करतात आणि लांबी वाढवतात.

घरच्यांना दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात, कारण त्यावरून गैरसमज होतात. पहिली : ‘वजन वाढू दे, मग करू’ हा सल्ला काही छिद्रांच्या बाबतीत योग्य असतो, अल्कापामध्ये नाही. निदान झाले की शस्त्रक्रिया, बाळ चार किलोचे असले तरी. थांबून वजन वाढत नाही, हृदय मात्र आणखी मरते. दुसरी : शस्त्रक्रियेनंतर हृदय लगेच उसळी घेत नाही. सुरुवातीचे काही दिवस बाळ व्हेंटिलेटरवर असते, काहींना हृदय-फुफ्फुसांचे काम बाहेरून करणाऱ्या एक्मो यंत्राचा आधार लागतो. त्या दिवसांत ‘ऑपरेशन फसले’ असे नातेवाईक बोलू लागतात. पण अल्कापामधला बराचसा स्नायू मेलेला नसतो, उपाशी असल्याने झोपलेला असतो. रक्त मिळाले की महिन्या-महिन्याने जागा होतो. गळणारी झडपही म्हणूनच बहुतेक वेळा आधी दुरुस्त करत नाहीत; हृदय सावरले की तिची गळती आपोआप कमी होते. उरली तर नंतर पाहतात.

जोडवाटा चांगल्या असलेली थोडी मुले शस्त्रक्रियेविना मोठी होतात आणि पळताना कोसळतात. कोरोनरीचे आणखीही जन्मजात दोष आहेत. डावी कोरोनरी महाधमनीतूनच पण चुकीच्या बाजूने निघते आणि दोन धमन्यांच्या मधून जाते, तोही असाच धोक्याचा. त्यावर वाहिनीचे भिंतीत दबलेले तोंड मोकळे करण्याची शस्त्रक्रिया करतात. आपल्या वस्त्यांतली किती मुले-मुली पहाटे पोलीस भरतीसाठी धावतात! धावताना छातीत दुखले किंवा चक्कर येऊन पडले तर ‘रिकाम्या पोटी धावला’ म्हणून सोडू नये. ईसीजी आणि इको करून मगच पुन्हा मैदानावर पाठवावे.

उपचार कुठे? इतक्या लहान बाळाची अशी शस्त्रक्रिया करायला बालहृदय शस्त्रक्रियेचे सुसज्ज केंद्रच लागते, म्हणजे आपल्यासाठी मुंबई-नवी मुंबई. परळला केईएम आणि लहान मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. खारघरला श्री सत्य साई संजीवनी केंद्र लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया पूर्णपणे विनामूल्य करते. 2013 पासून लोकल डहाणूपर्यंत धावते, पण दम लागलेल्या बाळाला गर्दीच्या डब्यात नेऊ नये. 108 ला फोन करावा आणि कुठल्या रुग्णालयाने स्वीकारायचे ते निघण्याआधी ठरवून घ्यावे.

पैशाचे मार्ग आहेत, पण कागदांवर अडते. तारापूर एमआयडीसीतल्या 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के ईएसआयसाठी कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1943 मध्ये प्रा. अडारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले, त्यातून 1948 चा हा कायदा उभा राहिला. तरी कंत्राटी कामगारांच्या घरी आम्ही विचारतो तेव्हा पगारपत्रकावर कपात दिसते आणि कार्डावर बाळाचे नाव नसते. बाळ जन्मले की त्याच महिन्यात नाव घालून घ्यावे. मोठ्या उपचारांना वर्गणीच्या दिवसांची अट असते, ती ठेकेदार बदलला की गडबडते. म्हणून जुना विमा क्रमांकच पुढे चालू ठेवायला सांगावे.

ईएसआय नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पिवळे, केशरी, पांढरे, कोणतेही रेशनकार्ड चालते आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. कार्ड जालन्याचे किंवा बुलढाण्याचे असले तरी हरकत नाही. योजना राज्यभर लागू आहे. परराज्यातल्या कामगारांनी गावचे आयुष्मान कार्ड दाखवावे. तान्ह्याचे नाव रेशनकार्डात नसतेच. त्यासाठी बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांचे रेशनकार्ड आणि बाळासोबतचा फोटो घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे. योजनेची चौकशी 155388 वर होते. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची संदर्भ चिठ्ठी असेल तर काम आणखी सोपे होते, आणि ती मिळवायला पथक अंगणवाडीत येईपर्यंत थांबायची गरज नाही. ग्रामीण रुग्णालयात जाऊन पथकाच्या डॉक्टरांना थेट भेटता येते.

14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला आपल्या विहारांमध्ये रक्तदान आणि आरोग्य शिबिरे होतात. साखर, रक्तदाब, मोठ्यांचा ईसीजी हे सगळे होते. तान्ह्या बाळांना घेऊन सहसा कुणी येत नाही. येत्या शिबिराच्या पत्रकात ‘सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांची तपासणी’ अशी एक ओळ घालावी, एक बालरोगतज्ज्ञ बोलवावेत, आणि तपासणी बाळ दूध पीत असताना करावी. पडद्याआड आईला बसायला जागा आणि दहा मिनिटांचा वेळ, एवढेच त्याला लागते.